नर्व्ह एजंट फुटल्यावर मागे काय उरते आणि ते किती विषारी असते?

प्रश्न असा आहे: सरीन, टॅबून किंवा व्हीएक्ससारखा नर्व्ह एजंट (मज्जासंस्थेवर मारा करणारे रासायनिक अस्त्र) पाण्याने, ब्लीचने किंवा नुसता दिवस उलटल्यामुळे फुटून गेला, तपासणी यंत्राने ‘एजंट नाही’ असे दाखवले, तर मागे उरलेली रसायने निर्धोक मानायची का?

आधी नेमके उत्तर देतो. सरीन, सोमान, सायक्लोसरीन यांचे मुख्य अवशेष मूळ एजंटपेक्षा हजारो पटींनी सौम्य असतात. त्यांची नर्व्ह एजंटसारखी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण व्हीएक्सपासून ईए-२१९२ नावाचा एक अवशेष तयार होतो. तो पोटात गेला तर सरीनच्याच तोडीचा विषारी आहे आणि हवा तपासणाऱ्या यंत्राला तो दिसतच नाही. तिसरी बाजू सफाईची. प्रत्यक्षात माणसांना इजा होते ती बऱ्याचदा फ्लोराइड, सायनाइड, क्लोरीन आणि तीव्र अल्क यांच्यामुळे. त्यामुळे ‘एजंट फुटला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘रेणूतला कोणता बंध तुटला आणि तुटलेला तुकडा गेला कुठे?’ हे विचारावे लागते.

हे समजायला एजंट मारतो कसा ते पाहू. सगळ्या नर्व्ह एजंटच्या मध्यभागी फॉस्फरसचा अणू असतो आणि त्याला एक सहज सुटणारा गट जोडलेला असतो. सरीन, सोमान आणि सायक्लोसरीनमध्ये तो फ्लोरिन, टॅबूनमध्ये सायनाइड, व्हीएक्समध्ये गंधक असलेली लांब अमाइन साखळी. शरीरातल्या अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या गाभ्यात सेरीन या अमिनो आम्लाचा (सरीनशी त्याचा संबंध नाही) ऑक्सिजन असतो. तो फॉस्फरसवर चाल करतो, सुटणारा गट बाहेर पडतो आणि फॉस्फरस विकराला चिकटून बसतो. विकर बंद पडला की अॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन साचत जाते आणि मज्जातंतूंचे संदेश थांबायचे नाव घेत नाहीत.

आता हेच काम विकराऐवजी पाण्याने केले तर काय होईल? सुटणारा गट गेला आणि त्याच्या जागी हायड्रॉक्सिल आला. तयार झालेले आम्ल रक्ताच्या पीएचला ऋणभारित होते. ऋणभारित फॉस्फरसवर सेरीनला चाल करता येत नाही, शिवाय सुटून जाईल असा गटही उरलेला नाही. विषाची कळ तिथेच मोडते. सरीनचा अवशेष इतका सौम्य का, याचे कारण एवढेच. आणि ईए-२१९२ विषारी का राहते, याचेही उत्तर याच चित्रात आहे: तिथे पाणी चुकीचा बंध तोडते.

सरीन पाण्याशी भिडले की आधी फ्लोरिन निघतो. उरते आयसोप्रोपिल मेथिलफॉस्फॉनिक आम्ल (पुढे आयएमपीए). मग अतिशय सावकाश आयसोप्रोपिल गटही निघतो आणि मेथिलफॉस्फॉनिक आम्ल (एमपीए) उरते. पहिली पायरी २५ अंश सेल्सिअस आणि पीएच ७ ला सुमारे ४० तासांत निम्मी होते. पीएच १० ला तेच काम मिनिटांत उरकते. हिशेब मांडून पाहा. १ किलो सरीन पूर्ण फुटले तर सुमारे ९८६ ग्रॅम आयएमपीए आणि १४३ ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. सगळे आयएमपीए पुढे फुटलेच, तर सुमारे ६८५ ग्रॅम एमपीए आणि ४२९ ग्रॅम आयसोप्रोपिल अल्कोहोल. या यादीत तातडीची इजा करणारा पदार्थ एकच, हायड्रोजन फ्लोराइड.

आकडे पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना तोंडावाटे दिल्यावर निम्मे दगावतात ती मात्रा सरीनसाठी शरीराच्या दर किलोमागे सुमारे ०.५५ मिलिग्रॅम आहे. आयएमपीएसाठी तीच मात्रा ६,००० ते ७,६०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे दहा हजारांहून अधिक पट फरक. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत आयएमपीए मिसळून ९० दिवस उंदरांना दिले तरी उल्लेखनीय परिणाम आढळले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी आयएमपीएची सल्लागार मर्यादा लिटरला ७०० मायक्रोग्रॅम ठेवली, ती मोठा सुरक्षा-गुणक धरून. ही मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली, असा तिचा अर्थ नाही.

एमपीए तोंडावाटे सौम्यच आहे. तीव्र द्रावणात ते चांगले आम्ल असल्यामुळे कातडीला आणि डोळ्यांना चुरचुरते, पण पाण्यातल्या विरळ प्रमाणाला हे लागू नाही. त्याची खरी खोडी वेगळी आहे: ते जात नाही. त्यातला कार्बन-फॉस्फरस बंध पाण्याने तुटत नाही आणि उन्हानेही सहजी तुटत नाही. काही जीवाणू तो तोडतात, पण मुख्यतः त्यांना साधे फॉस्फेट कमी पडते तेव्हा. खत टाकलेल्या, फॉस्फेटने भरलेल्या जमिनीत त्यांना तेवढी गरजच वाटत नाही. त्यामुळे एमपीए वर्षानुवर्षे सापडत राहते. सापडते म्हणून ते घातक, असा निष्कर्ष मात्र काढू नका. टिकाऊपणा आणि विषारीपणा या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि या विषयातला निम्मा गोंधळ त्या एक केल्यामुळे होतो.

सोमानपासून पिनाकोलिल मेथिलफॉस्फॉनिक आम्ल आणि सायक्लोसरीनपासून सायक्लोहेक्सिल मेथिलफॉस्फॉनिक आम्ल तयार होते. दोन्हींची रीत आयएमपीएसारखीच, म्हणून वेगळे विवेचन करत नाही.

भूजलाची गोष्ट निघाली की डायआयसोप्रोपिल मेथिलफॉस्फोनेट म्हणजे डीआयएमपीचे नाव घ्यावेच लागते. हे सरीन फुटून होत नाही. ते सरीन बनवताना बाजूला तयार होणारे रसायन आहे आणि अशुद्धी म्हणून एजंटबरोबर येते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनलमध्ये १९५० च्या दशकात सरीन बनत होते आणि सांडपाणी उघड्या तळ्यांत सोडले जात होते. १९७४ मध्ये आवाराबाहेरच्या विहिरींत डीआयएमपी सापडले. भारित नसल्यामुळे ते मातीला फारसे चिकटत नाही, पाण्यात बऱ्यापैकी विरघळते आणि थंड भूजलात त्याचे जलविघटन व्हायला शेकडो वर्षे लागतील असा अंदाज आहे. तीव्र विषारीपणा मध्यम: उंदरांत तोंडावाटे निम्मे दगावण्याची मात्रा किलोमागे ८०० ते १,१०० मिलिग्रॅमच्या आसपास. शरीरात गेल्यावर त्याचे आयएमपीए होते आणि लघवीवाटे निघून जाते. संघीय सल्लागार मर्यादा लिटरला ६०० मायक्रोग्रॅम आहे, तर कोलोरॅडो राज्याने स्वतःचे भूजल मानक ८ मायक्रोग्रॅम ठेवले. ७५ पटींचा हा फरक पाहून गोंधळून जाऊ नका. रसायन तेच असते, पण कोणत्या प्राण्यावरचा अभ्यास आधार धरायचा आणि किती सावध राहायचे, यावर मर्यादेचा आकडा ठरतो.

पाणी शुद्ध करणाऱ्यांसाठी इथे एक नेमका मुद्दा आहे. डीआयएमपी सक्रिय कोळशावर चांगले धरले जाते आणि तिथल्या शुद्धीकरणात तोच मार्ग वापरला गेला. पण आयएमपीए आणि एमपीए ऋणभारित असल्यामुळे त्याच कोळशातून बऱ्यापैकी निसटतात. त्यांना ऋणभारित कण धरून ठेवणारे अॅनायन विनिमय रेझिन लागते. कोळशाची टाकी बसवली, डीआयएमपी शून्यावर आले आणि म्हणून पाणी सगळ्याच अवशेषांपासून मोकळे झाले असे समजणे, ही नेहमी होणारी चूक आहे.

आता व्हीएक्स. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण खरा धोका इथे आहे.

व्हीएक्सच्या फॉस्फरसला दोन तुटण्याजोगे बंध आहेत: एक गंधकाशी, दुसरा इथॉक्सीच्या ऑक्सिजनशी. गंधकाचा बंध तुटला तर इथिल मेथिलफॉस्फॉनिक आम्ल आणि डायआयसोप्रोपिलअमिनोइथेनथायॉल मिळते. पहिले आयएमपीएसारखे सौम्य. दुसरे भयंकर दुर्गंधी सोडणारे, मध्यम विषारी, हवेत हळूहळू जोडीने बांधले जाऊन तेलकट डायसल्फाइड होणारे. नाकाला असह्य असते, पण नर्व्ह एजंट नव्हे. मात्र इथॉक्सीचा बंध आधी तुटला तर गंधकाची साखळी फॉस्फरसला तशीच चिकटून राहते. हेच ईए-२१९२. सुटणारा गट शाबूत आणि साखळीच्या टोकाला अॅसिटिलकोलिनची आठवण करून देणारा धनभारित नायट्रोजनही शाबूत. त्यामुळे फॉस्फरसजवळ ऋणभार असूनही विकर बंद पाडण्याची ताकद बरीचशी उरते.

उंदरांत तोंडावाटे त्याची निम्मे दगावण्याची मात्रा किलोमागे ०.६३ मिलिग्रॅम आहे. व्हीएक्सची सुमारे ०.१. वर दिलेला सरीनचा आकडा ०.५५ होता. तिन्ही शेजारी ठेवून पाहा: व्हीएक्स ‘निकामी’ करून मिळालेला पदार्थ पोटात गेल्यावर जवळजवळ सरीनएवढा विषारी. शिरेतून दिल्यास तो आणखी कमी मात्रेत घातक ठरतो. म्हणजे विकरासमोर पोहोचल्यावर तो दुबळा नसतो. आतड्यातून तो नीट शोषला जात नाही, एवढाच काय तो दिलासा.

हे प्रमाण नगण्य असते का? नाही. साध्या तापमानाला कॉस्टिक सोड्याच्या विरळ (०.१ मोलर) द्रावणात व्हीएक्सचा अर्धा भाग सुमारे ३१ मिनिटांत फुटतो, पण त्यातला साधारण ८७ टक्केच भाग गंधकाच्या बंधाने जातो. उरलेला १३ टक्के ईए-२१९२ होतो. वजनात, १ किलो व्हीएक्समागे ११५ ग्रॅमच्या आसपास. पीएच ७ ते १० च्या पट्ट्यात तर दोन्ही बंधांत चुरस असते आणि ईए-२१९२ चा वाटा आणखी वाढतो. नैसर्गिक पाणी आणि बरीचशी माती नेमकी याच पट्ट्यात असते. शिवाय पीएच ७ ला व्हीएक्सचे अर्धे आयुष्य काही आठवड्यांचे. म्हणजे निसर्गावर सोडून दिले तर विघटन मंद होते आणि चुकीच्या दिशेलाही जाते.

एकदा तयार झाल्यावर ईए-२१९२ हट्टाने टिकते. अल्कात ते व्हीएक्सपेक्षा हजारो पटींनी मंद फुटते, कारण ऋणभारित रेणूकडे ऋणभारित हायड्रॉक्साइड जायला तयार नसतो. उष्णता दिल्याशिवाय ते हलत नाही. अमेरिकेत इंडियानातल्या न्यूपोर्ट इथे २००५ ते २००८ या काळात व्हीएक्सचा साठा नष्ट केला गेला. तिथे कॉस्टिक सोड्याचे द्रावण सुमारे ९० अंशांपर्यंत तापवले जाई. व्हीएक्स तर थंड द्रावणातही फुटले असते. उष्णतेची मुख्य गरज या अवशेषाला होती. आणि नुसते व्हीएक्स नाही एवढे पाहून द्रावण बाहेर सोडले जात नव्हते, ईए-२१९२ वेगळे मोजले जात होते.

दुसरा मार्ग पेरॉक्साइडचा. सौम्य अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रोपेरॉक्साइड आयन होतो आणि तो व्हीएक्सच्या जवळपास फक्त गंधकाच्या बंधावर जातो. ईए-२१९२ तयारच होत नाही. व्हीएक्ससाठी नुसता सोडा आणि पेरॉक्साइड यांत निवड करायची असेल तर मी निःसंकोच पेरॉक्साइड निवडेन. मात्र तो ताजा हवा. साठवणीत पेरॉक्साइड सावकाश ऑक्सिजन सोडून मरतो आणि अल्क मिसळल्यावर तर काही तासांतच ताकद गमावतो. म्हणून दोन्ही भाग वेगळे ठेवून वापरायच्या वेळी मिसळायचे आणि झाकण घट्ट बंद करून ठेवायचे नाही, नाहीतर डबा फुगतो.

ब्लीचही व्हीएक्सवर चालते. पण ब्लीच कमी पडण्याची शक्यता लोक लक्षात घेत नाहीत. कमी पीएचला व्हीएक्सच्या एका रेणूमागे सक्रिय क्लोरीनचे साधारण तीन रेणू पुरतात, तर जास्त पीएचला दहाहून अधिक लागतात. बाजारातले ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइटचे द्रावण, जास्त पीएचचेच असते. त्यात माती, कुजका पाला, रंग, रबर हे सगळे आधी क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून ओतल्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी क्लोरीनची पट्टी बुडवून पाहायची. क्लोरीन संपला असेल तर पुन्हा ओतायचे. ‘ओतले’ एवढी नोंद पुरत नाही, ‘शेवटी क्लोरीन शिल्लक होता’ अशी नोंद हवी. हे पृष्ठभागांसाठी. कातडीसाठी भरपूर पाणी आणि साबण. जखमेत किंवा डोळ्यांत ब्लीच कधीही घालायचे नाही.

ईए-२१९२ चा धोका कोणत्या वाटेने येतो, हे नीट पाहिले तर खबरदारी सोपी होते. ते घन आहे, त्याची वाफ जवळजवळ होत नाही. दोन्ही भार एकाच रेणूवर असल्यामुळे ते कातडीतून फारसे आत जात नाही. पण पाण्यात सहज विरघळते. म्हणजे हाताला लागून तोंडात जाणे, वाळलेली धूळ नाकातोंडात जाणे आणि पावसाबरोबर जमिनीत उतरून पाण्यात येणे, या तीन वाटा. म्हणून व्हीएक्स पडलेली जागा सफाईनंतर वाळल्यावर झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पुसलेले पाणी गटारात सोडायचे नाही, डब्यात भरायचे. हातमोजे काढल्यावर हात धुवायचे, मगच तोंडाला किंवा बाटलीला हात लावायचा. आणि बाधेची लक्षणे दिसली, म्हणजे बाहुल्या आकसणे, लाळ, घाम, छातीत आवळणे, स्नायू फडफडणे, तर ‘एजंट तर फुटला होता’ असे म्हणून वेळ घालवायचा नाही. उपचार नर्व्ह एजंटचेच: अॅट्रोपीन आणि ऑक्झाइम (बंद पडलेला विकर पुन्हा चालू करणारे औषध), वैद्यकीय देखरेखीखाली.

विघटन म्हणजे विष उतरणे, ही समजूत कीटकनाशकांतही महागात पडली आहे. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरिया फवारणीच्या कामगारांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. फवाऱ्यातल्या मॅलेथिऑनच्या पुडीत साठवणीदरम्यान आयसोमॅलेथिऑन तयार झाले होते. मॅलेथिऑन शरीरातून निकामी करणारी विकरे ते बंद पाडते, त्यामुळे एरवी सौम्य असलेले औषध जिवावर उठले. रसायन वेगळे असले तरी शिकवण तीच: फुटलेला किंवा बदललेला रेणू स्वतंत्रपणे तपासायचा.

टॅबूनची अडचण वेगळी. त्याचा सुटणारा गटच सायनाइड आहे. २० अंशांना आणि पीएच ७ ला त्याचे अर्धे आयुष्य साडेआठ तासांच्या आसपास असल्यामुळे तो लवकर फुटतो. पण १ किलो टॅबूनमागे सुमारे १६७ ग्रॅम हायड्रोजन सायनाइडइतका सायनाइड सुटतो. उरलेला फॉस्फरसचा भाग पुढे फॉस्फेट, इथेनॉल आणि डायमेथिलअमाइन असा फुटत जातो, त्याची फारशी चिंता नाही. चिंता सायनाइडची. हायड्रोजन सायनाइडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचा निम्मा भाग आम्लरूपात आणि निम्मा क्षाररूपात असतो तो आकडा, ९.२ आहे. पीएच त्याखाली उतरला की सायनाइड पाण्यात मीठ म्हणून न राहता वायू होऊन बाहेर पडतो. आणि थेट ब्लीच ओतले तर सायनोजन क्लोराइड होते. तोही विषारी वायू, शिवाय डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला जाळणारा. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कॉस्टिक सोड्याने पीएच ११ च्या आसपास न्यायचा, मग हायपोक्लोराइट हळूहळू घालायचा आणि पीएच १०.५ च्या खाली येऊ द्यायचा नाही. या पीएचला सायनोजन क्लोराइड झालेच तर झटकन सायनेट होते. काम उघड्यावर, वारा पाठीशी ठेवून आणि श्वसनरक्षक लावूनच.

आता फ्लोराइड. उघड्यावर थोडेसे सरीन फुटले तर हायड्रोजन फ्लोराइड विरळ होऊन मातीतल्या कॅल्शियमबरोबर बसते. बंद डब्यातल्या जुन्या सरीनची गोष्ट निराळी. तिथे ओलावा शिरला की आम्ल साचते, पत्रा खाते, धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन वायूचा दाब वाढतो आणि सांध्यातून गळती लागते. अशा डब्याजवळ काम करताना फक्त नर्व्ह एजंटचा विचार करून चालत नाही. कातडीवर हायड्रोफ्लोरिक आम्ल पडले तर सुरुवातीला फारशी वेदना नसते, आत कॅल्शियम मात्र ओढले जात असते. भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी हवे.

सरीन अल्काने निकामी करताना अल्क किती लागते याचा हिशेब बरेचदा चुकतो. एका रेणूमागे अल्काचे दोन रेणू खर्च होतात, एक आयएमपीएसाठी आणि एक फ्लोराइडसाठी. म्हणजे १ किलो सरीनला निदान ५७१ ग्रॅम कॉस्टिक सोडा नुसता उदासीनीकरणातच संपतो. त्याहून कमी घातला तर पीएच मध्येच कोसळतो, विघटन मंदावते आणि वरून सारे ठीक दिसते. दुप्पट घालावा आणि शेवटी पीएच १२ च्या वर आहे हे पट्टीने पाहावे. काम झाल्यावर ‘आता आम्ल ओतून उदासीन करू’ ही घाई करू नये. त्या द्रावणात फ्लोराइड असेल तर हायड्रोजन फ्लोराइड, सायनाइड असेल तर हायड्रोजन सायनाइड आणि ब्लीच शिल्लक असेल तर क्लोरीन बाहेर पडतो. फ्लोराइड काढायचे तर चुना घालून कॅल्शियम फ्लोराइडचा गाळ बसवायचा. १ किलो सरीनमधून सुमारे १३६ ग्रॅम फ्लोराइड येते. पिण्याच्या पाण्याच्या १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पातळीपर्यंत ते नुसते विरळ करायचे म्हटले तर ९०,००० लिटर पाणी लागेल. विरळ करून सोडून देणे हा उपाय का नव्हे, हे यावरून दिसावे.

तपासणीत काय चुकते? सर्वांत मोठी चूक एकच यंत्र वापरण्याची. हाती धरून हवा हुंगणारी यंत्रे वाफ होणारे एजंट पकडतात. आयएमपीए, एमपीए, ईए-२१९२ यांपैकी एकही त्यांना दिसत नाही. वायू-क्रोमॅटोग्राफीतही ही आम्ले तशीच जात नाहीत, आधी त्यांचे मेथिल किंवा सिलिल रूप करावे लागते. मातीच्या अर्कात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ती आम्ले क्षाररूपात अडकून बसतात आणि सिलिलीकरण फसते, म्हणून अर्क आधी धनभारित कण धरून ठेवणाऱ्या कॅटायन विनिमय रेझिनमधून काढतात. द्रव-क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान-वर्णपटमापन ही जोडी जास्त सुटसुटीत. ऋण रूपात, म्हणजे ऋणभारित आयन मोजताना, एमपीए ९५, इथिल मेथिलफॉस्फॉनिक आम्ल १२३, आयएमपीए १३७, सायक्लोहेक्सिलचे १७७, पिनाकोलिलचे १७९ या वस्तुमानांवर दिसते आणि एमपीए सोडून बाकीची चारही फुटून ९५ देतात. ईए-२१९२ मात्र धन रूपात २४० वर पाहायचे, ते फुटून १२८ देते. प्रयोगशाळा फक्त ऋण रूपात चालवत असेल तर अहवालात ईए-२१९२ ‘आढळले नाही’ असे येईल. ते खरे नसेल, कारण ते शोधलेच नव्हते. अहवाल हातात आला की कोणत्या पद्धतीने काय शोधले, ते आधी वाचा.

विकरावर चालणारी पट्टी ईए-२१९२ ला प्रतिसाद देते, ही तिची जमेची बाजू. पण ब्लीचचा अंश असेल तर क्लोरीनच विकर मारतो आणि खोटी धोक्याची सूचना मिळते. म्हणून नमुन्यात आधी सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरीन संपवायचा. नमुना काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा, कारण फ्लोराइडचे आम्लधर्मी पाणी काच खाते. पीएच जागेवरच मोजून बाटलीवर लिहायचा. नमुना ४ अंशांना, अंधारात ठेवायचा. आणि सफाईआधीचा एक नमुना हवाच, नाहीतर नंतरच्या आकड्यांना तुलनाच उरत नाही.

याच टिकाऊपणाचा एक फायदाही झाला आहे. इराकी कुर्दिस्तानातल्या बिरजिनी गावावर ऑगस्ट १९८८ मध्ये रासायनिक हल्ला झाला. चार वर्षांनी, १९९२ मध्ये, तिथल्या बॉम्बच्या खड्ड्यांतली माती गोळा केली गेली आणि ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन इथल्या संरक्षण प्रयोगशाळेत तिच्यात एमपीए आणि आयएमपीए सापडले. सरीन कधीच नाहीसे झाले होते, पण त्याची खूण राहिली होती. यातही एक बारकावा आहे. एकट्या एमपीएवरून निष्कर्ष काढता येत नाही. काही अग्निरोधकांपासूनही ते येऊ शकते आणि काही सागरी सूक्ष्मजीव ते स्वतः बनवतात. आयएमपीएला मात्र सरीनशिवाय सहसा दुसरा उगम नसतो, म्हणून पुराव्यात वजन त्याचे.

रुग्णाच्या लघवीत आयएमपीए सापडले की नातेवाईक घाबरून विचारतात, हे विष अजून अंगात आहे का? ते विष नाही, विषाचा निचरा आहे. त्यातले बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच बाहेर पडते, त्यामुळे निदानासाठी लघवीचा नमुना पहिल्याच दिवशी घेऊन गोठवून ठेवावा. आयएमपीए बाहेर काढण्यासाठी कोणताही खास उपचार लागत नाही. इजा आधीच विकराला चिकटलेल्या सरीनने केलेली असते आणि डॉक्टरांचे लक्ष विकराच्या पातळीवर व श्वासोच्छ्वासावरच हवे.